नगराचे खुलभर दूध

ज्या कार्याचे फळ साऱ्या जगास मिळावयाचे, त्या कार्याचा भार एका नगराने आपल्या शिरावर का घ्यावा? हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा वाटतो. परंतु थोडे खोल उतरून पाहिले तर तो नीतीचा आहे, असे ध्यानी येते. पृथ्वीचे वातावरण तापत चालले आहे, ऋतूंचा क्रम ढळत आहे आणि मनुष्याने जाळलेला कोळसा, तेल व वायू ही त्याची मुख्य कारणे आहेत, याविषयी शास्त्रज्ञांत आता वाद उरलेला नाही. वाद आहे तो कर्तव्याच्या वाटणीचा. राष्ट्रांनी काय करावे, याची चर्चा आपण वृत्तपत्रांतून नित्य वाचतो. पण ज्या महापालिकेस आपण घरपट्टी व पाणीपट्टी भरतो, जिच्याकडे गटार तुंबल्याची तक्रार नेतो, तिचे या बाबतीत काही कर्तव्य आहे काय, आणि असल्यास ते तिने कोणत्या क्रमाने पार पाडावे, याचा विचार आपल्यांत फारसा होत नाही. तो येथे यथामति करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम निःपक्षपातीपणे मांडले पाहिजे. ते तीन प्रकारचे आहे. पहिला आक्षेप असा की, हा राष्ट्राराष्ट्रांतील करारमदारांचा विषय आहे. आकाशास नगराची शीव नसते, तेव्हा नगरपित्यांनी त्यात पडू नये. दुसरा आक्षेप असा की, साऱ्या जगाच्या धुरात एका नगराचा धूर तो किती? तो अजिबात नाहीसा झाला तरी पृथ्वीच्या उष्णतेत फरक पडल्याचे कोणत्याही यंत्रास कळणार नाही. तिसरा आक्षेप अधिक जिव्हारी लागणारा आहे. ज्या नगरात अजून सर्वांस पुरेसे पाणी नाही, पावसाळ्यात रस्त्यांच्या नद्या होतात, कचऱ्याची गाडी वेळेवर येत नाही, त्या नगराने आकाशाची काळजी वाहणे हा केवळ थाट होय, असे तो म्हणतो. आधी पोटोबा, मग विठोबा! या तिन्ही आक्षेपांत सत्याचा काही अंश आहे. म्हणूनच ते नुसते झटकून टाकून चालणार नाही.

पहिल्या आक्षेपाकडे वळू. १९९२ साली रिओ येथील परिषदेत ज्या हवामानविषयक करारावर सह्या झाल्या आणि २०१५ साली पॅरिस येथे जो करार संमत झाला, ते दोन्ही राष्ट्रांनी केलेले आहेत, हे खरे. २०२१ साली ग्लासगो येथे भारताने २०७० पर्यंत आपले निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले, तेही राष्ट्र या नात्यानेच. पण राष्ट्राने दिलेले वचन पाळले जाते कोठे? ते इमारतीच्या परवान्यात पाळले जाते, रस्त्यावरच्या दिव्यात पाळले जाते, शहराच्या बसगाडीत, कचऱ्याच्या डेपोत, तोडलेल्या वा राखलेल्या झाडात पाळले जाते. हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ-मंडळाने २०२२ साली आपल्या अहवालात असे नमूद केले की, २०२० साली जगातील उष्णताधारक वायूंच्या उत्सर्जनापैकी सुमारे ६७ ते ७२ टक्के भाग नगरांशी निगडित होता. म्हणजे राजधानीत लिहिलेला कागद अखेर नगराच्याच दारी येतो. आपल्या घटनेत ७४ वी दुरुस्ती १९९२ साली संमत झाली व १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरसंस्थांकडे सोपवावयाचे १८ विषय दिले आहेत. पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य व घनकचरा यांच्या बरोबरीने पर्यावरणाचे रक्षण हाही त्यांत आहे. तेव्हा नगरपित्यांनी या विषयात पडू नये, असे म्हणण्यास निदान आपल्या देशात तरी आधार नाही.

अमेरिकेतील एक प्रसंग येथे आठवतो. १ जून २०१७ रोजी त्या देशाच्या अध्यक्षांनी पॅरिसच्या करारातून बाहेर पडण्याची घोषणा केली आणि आपण पॅरिसच्या नव्हे तर पिट्सबर्गच्या नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून निवडून आलो आहोत, असे कारण सांगितले. पिट्सबर्ग ही पोलादाची व एके काळी काजळीची नगरी. तेथील महापौर बिल पेडुटो यांनी लागलीच उत्तर दिले की, आमचे नगर त्या कराराचे पालन करील. पुढे तो देश २०२१ साली करारात परत आला आणि २०२५ च्या जानेवारीत पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. राजधानीचे वारे असे दोन-चार वर्षांनी फिरते. पण नगराने घातलेली नळवाहिनी, बांधलेली इमारत आणि लावलेले झाड पन्नास वर्षे आपल्या जागी राहते. गाव करी ते राव न करी, या म्हणीत जे शहाणपण आहे ते असे.

तथापि ही म्हण अर्धीच खरी आहे, हेही सांगितले पाहिजे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये आपला हवामान कृती आराखडा प्रसिद्ध केला. २०५० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे, म्हणजे राष्ट्राच्या मुदतीच्या वीस वर्षे आधीच तेथे पोहोचण्याचे, उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. परंतु त्याच आराखड्याप्रमाणे मुंबईच्या उत्सर्जनाचा सुमारे सात दशांश भाग घरे, कचेऱ्या व कारखाने यांत वापरलेल्या वीज व इंधनाचा आहे, आणि ती वीज बव्हंशी कोळशापासून होते. वीज कशापासून करावी, हे महापालिका ठरवीत नाही. यावरून आम्ही असा सिद्धान्त मांडतो की, नगराचे कर्तव्य त्याच्या हाताच्या लांबीएवढे असते. जो नळ त्याच्या हाती नाही, त्याबद्दल त्यास दोष देऊ नये. जो आहे, त्याबद्दल दुसऱ्याकडे बोट दाखविण्याची सवड त्यास देऊ नये.

आता दुसरा आक्षेप, थेंबाचा. एका नगराचा धूर नगण्य आहे, म्हणून ते नगर मोकळे, असे एकदा मान्य केले तर हेच वचन जगातील प्रत्येक नगरास लागू पडेल. प्रत्येक नगर मोकळे झाले तर नगरे व गावे मिळून झालेले राष्ट्रही मोकळे. आणि सर्व राष्ट्रे मोकळी झाली तर जे आकाश डोळ्यांदेखत तापते आहे, ते कोणीच तापविले नाही, असा निष्कर्ष निघेल. ज्या युक्तिवादाने सर्वच निर्दोष ठरतात आणि अपराध मात्र घडलेला असतो, तो युक्तिवाद कोठे तरी खोटा असला पाहिजे. खोट येथे आहे: कर्तव्याचे मोजमाप परिणामाच्या आकाराने करू पाहिले. मत देणारा मनुष्य आपल्या एका मताने निवडणूक फिरत नाही हे जाणतो, तरी मत देतो. कारण जे काम सर्वांनी मिळूनच होते, त्यातील आपला वाटा टाळणे म्हणजे तो दुसऱ्याच्या पाठीवर लादणे होय.

पण येथे प्रतिपक्षाच्या हाती अजून एक बाण उरतो, आणि तो तीक्ष्ण आहे. इतर नगरांनी काहीच केले नाही तर आपण सोसलेला खर्च वाया नाही का जाणार? गरीब नगराने आपल्या लेकरांच्या तोंडचा घास काढून जगाच्या पदरात टाकावा आणि जगाने हसावे, हा कोठला धर्म? या प्रश्नाचे उत्तर आम्हांस एका जुन्या कहाणीत सापडते. श्रावणी सोमवारी आपल्या घरोघरी ती वाचली जाते: खुलभर दुधाची कहाणी.

कहाणी वाचकांस ठाऊकच आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा, असे राजाच्या मनात आले. त्याने दवंडी पिटविली की, सर्वांनी घरातील झाडून सारे दूध देवळात आणावे. राजाज्ञेच्या धाकाने लोकांनी मुलांस दिले नाही, वासरांस पाजले नाही. होते नव्हते ते दूध गाभाऱ्यात ओतले. गाभारा भरला नाही. दुपारी एक म्हातारी आली. तिने आधी घरातील मुलांबाळांस व लेकीसुनांस दूध दिले होते, गाईवासरांना चारा घातला होता. मग उरलेले खुलभर दूध घेऊन ती आली. तेवढे तिने वाहिले आणि गाभारा भरला.

या कहाणीतील चमत्कार बाजूस ठेवू. हवामानाच्या गाभाऱ्यात चमत्कार होत नसतात. पण तिच्यातील क्रम हा नीतीचा क्रम आहे, आणि आमच्या मते नगरशासनाने तोच उचलावा. म्हातारीने दोन गोष्टी केल्या. पहिल्याने, घरातल्या दुबळ्या जिवांस वाऱ्यावर सोडले नाही. दुसऱ्याने, घरचे झाले म्हणून ती घरी बसली नाही. आपला खुलभर वाटा घेऊन देवळाची वाट चालली. जी नगरी फक्त पहिले करते, ती स्वार्थी; जी फक्त दुसरे करते, ती राजाप्रमाणे निष्ठुर. शिवाय पहिल्या कर्तव्याचे फळ इतरांच्या वागण्यावर अवलंबून नाही. सारे जग हात जोडून बसले तरी आपल्या नगरात उन्हाने मरणारा मनुष्य वाचविला, तर तो वाचतोच. तेव्हा खर्च वाया जाईल, ही भीती निदान येथे तरी लटकी ठरते.

आमच्या बडोद्याहून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या अहमदाबादेचे उदाहरण घ्या. मे २०१० मध्ये तेथे उष्णतेची भयंकर लाट आली आणि पारा ४६.८ अंशांवर गेला. पुढे संशोधकांनी मृत्यूंची नोंद तपासली, तेव्हा असे आढळले की, त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ माणसे अधिक मेली होती. पूर आला तर प्रेते दिसतात. उन्हाने मेलेला मनुष्य दिसत नाही. तो पत्र्याच्या खोलीत मरतो, बांधकामावर चक्कर येऊन मरतो, आणि दाखल्यावर कारण हृदयविकाराचे लिहिले जाते. न दिसणारे मरण मोजणे, हेच त्या नगराचे पहिले सत्कृत्य झाले. २०१३ साली तेथील महापालिकेने वैद्यकशास्त्रज्ञांच्या साह्याने उष्णतेविषयीची कृतियोजना आखली. दक्षिण आशियातील ती अशी पहिली योजना समजली जाते.

त्या योजनेत अलौकिक असे काय होते? काहीच नाही; आणि त्यातच तिचे मोल आहे. उष्णतेच्या पूर्वानुमानाप्रमाणे पिवळा, नारिंगी व तांबडा असे तीन इशारे ठरविले. ४५ अंश वा त्याहून अधिक उष्णता अपेक्षित असेल तर तांबडा. इशारा निघताच दवाखान्यांस, शाळांस व वस्त्यांतील सेविकांस कळवावयाचे, पाणपोया वाढवावयाच्या, भर दुपारी बागांची फाटके उघडी ठेवावयाची, की सावलीस कोणी बसू शकेल. तेथील एका रुग्णालयात नवजात बालकांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलविला, आणि उष्णतेने आजारी पडणाऱ्या बालकांची संख्या घटली. गरिबांच्या छपरांना पांढरा रंग देण्याचे कामही पुढे हाती घेण्यात आले, कारण पांढरे छप्पर ऊन परतविते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या योजनेमुळे वर्षास सरासरी ११९० मृत्यू टळले असावेत, असा अंदाज दिला आहे. एक मजला खाली उतरण्यास कोणता जागतिक करार लागतो? लागते ती फक्त, आपल्या गच्चीखाली कोण झोपले आहे याची आठवण.

आपल्या धर्मशास्त्रात सत्कर्माचे इष्ट व पूर्त असे दोन भाग सांगितले आहेत. यज्ञयाग हे इष्ट. विहिरी, तळी, बागा, अन्नछत्रे हे पूर्त. पूर्ताचा लाभ कोणास होईल, हे कर्त्यास बहुधा ठाऊकही नसते. कोणी अनोळखी वाटसरू पाणी पिऊन पुढे जातो. अहिल्याबाईंनी घाट व विहिरी बांधल्या, सावकारांनी पाणपोया घातल्या, ते सारे पूर्त होते. तो पूर्तधर्म आज आपण पट्टीच्या रूपाने महापालिकेकडे सोपविला आहे. म्हणून तापलेल्या दुपारी उघडे राहिलेले बागेचे फाटक हे आम्हांस धोरणाच्या पुस्तकातील एक कलम वाटत नाही. जुन्या पाणपोईचेच ते नवे रूप वाटते.

येथेच तिसऱ्या आक्षेपाचे उत्तरही हाती येते. आधी गटार, मग आकाश, असे म्हणणाऱ्यास आम्ही विचारतो की, गटारात पडते ते पाणी कोठून येते? २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नगरात शेकडो माणसे मेली. मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली होती. ती दुप्पट क्षमतेची करावीत, असा अहवाल १९९३ सालीच तयार झाला होता. पण त्या कामास खरा वेग आला तो या प्रलयानंतर. मधली बारा वर्षे अहवाल कपाटात राहिला. तेव्हा गटाराचा प्रश्न व हवामानाचा प्रश्न हे दोन प्रश्न नव्हेत. बदललेल्या आकाशाखाली जुन्या मापाचे गटार, असा तो एकच प्रश्न आहे. आमच्या बडोद्यास ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीने धोक्याची २५ फुटांची रेषा ओलांडून ३५ फुटांच्या वर मजल मारली, अनेक वस्त्या दिवसेंदिवस पाण्यात राहिल्या आणि नदीतील मगरी रस्त्यांवर आल्या. पाऊस थांबविणे कोणत्याही नगराच्या हाती नाही. परंतु नदीकाठच्या घळी, ओढे व तळी यांवर इमारत उभी राहू द्यावी की ती पाण्यासाठी मोकळी ठेवावी, हे परवान्याच्या एका सहीवर ठरते. ती सही नगरात होते.

पहिल्या कर्तव्याचा असा विचार झाला. आता दुसऱ्याचा: खुलभर दूध घेऊन देवळाची वाट चालण्याचा. त्यासाठी इंदूरकडे पाहावे. त्या नगरास नर्मदेचे पाणी सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून, विंध्याचा चढ चढवून, पंपांनी आणावे लागते. आमच्या सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आजव्याचा तलाव झाला, त्याचे पाणी उताराने बडोद्यास येई. इंदूरच्या नशिबी तो उतार नाही. पाण्याचा प्रत्येक हंडा विजेच्या खांद्यावर बसून येतो आणि त्या विजेचा खर्च महापालिकेच्या तिजोरीस जड जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंदूर महापालिकेने लोकांकडून रोख्यांच्या रूपाने २४४ कोटी रुपये उभे केले, ते सूर्यप्रकाशापासून वीज करून या पंपांस पुरविण्यासाठी. यात जगाचा धूर कमी होतो आणि नगराचे वीजबिलही कमी होते. त्याच नगरात फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून वायू करणारा कारखाना सुरू झाला. रोज ५५० टन ओला कचरा पचविण्याची त्याची शक्ती आहे, आणि निघणारा वायू शहराच्या बसगाड्यांस वापरता येतो. हाच कचरा उघड्या ढिगात कुजला असता तर त्यातून मिथेन निघाला असता, आणि तो कोळशाच्या धुराहून कितीतरी पटीने उष्णता धरून ठेवतो. घरातील गृहिणीने ओला व सुका कचरा वेगळा केला नसता तर हा कारखाना एक दिवसही चालला नसता. खुलभर दूध म्हणतात ते हेच. मुलांच्या तोंडचे काढलेले ते नव्हे. घर नेटके चालविले म्हणून उरलेले आहे.

आता राजाच्या चुकीविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण ती चूक आजही सहज घडण्यासारखी आहे. राजाचा हेतू वाईट नव्हता. त्याची दवंडी वाईट होती. नगराची हवा शुद्ध करावयाची म्हणून गरिबाची रिक्षा बंद केली, पण त्याच्या वस्तीपर्यंत बस नेली नाही. नदीस श्वास घेऊ द्यावयाचा म्हणून काठावरची झोपडी उठविली, पण त्याच काठावरच्या मोठ्या इमारतीस हात लावला नाही. तर तो गाभारा वासरांच्या दुधाने भरण्याचा प्रकार झाला. ज्याने धूर सर्वांत कमी केला, त्याच्याकडूनच सर्वांत मोठा त्याग मागणे, यास धोरण म्हणता येईल. धर्म म्हणता येणार नाही. वातानुकूलित खोलीत राहणाऱ्याची गरम हवा शेजारच्या पत्र्याच्या खोलीवर पडते. म्हणून कोणत्याही योजनेची पहिली परीक्षा अशी असावी की, तिचा भार कोणावर पडतो आणि तिची सावली कोणावर पडते. दुसरी परीक्षा, जुन्याच कामास नवे नाव दिले आहे की खरोखर काही नवे केले आहे. अंदाजपत्रकाचे मथळे बदलल्याने उष्णता उतरत नाही.

तिसरी परीक्षा उत्तरदायित्वाची. मुंबईचा आराखडा मार्च २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, हे वर सांगितले. त्याच महिन्यात तेथील लोकनियुक्त सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ कारभार प्रशासकाच्या हाती होता. निवडणूक झाली ती २०२६ च्या जानेवारीत. २०५० पर्यंतचे वचन देणाऱ्या नगरास, ते वचन पाळले जाते की नाही हे विचारणारा एकही नगरसेवक इतका काळ नव्हता. आराखडा कितीही विद्वत्तापूर्ण असला तरी, विचारणारा कोणी नसेल तर तो कपाटातल्या त्या १९९३ च्या अहवालाचा धाकटा भाऊ ठरण्याचे भय असते. पैशाचेही तसेच. रिझर्व्ह बँकेने २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालाप्रमाणे आपल्या देशातील महापालिकांचे उत्पन्न व खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे एक टक्क्यावर दहा वर्षांहून अधिक काळ रेंगाळले होते. ब्राझीलमध्ये हेच प्रमाण सात टक्क्यांच्या वर आहे. रिकाम्या हातात कर्तव्य ठेवणे म्हणजे ते न ठेवण्यासारखेच. तेव्हा नगरांस कामे सोपविणाऱ्या राज्यांनी त्यांस अधिकार व पैसाही सोपविला पाहिजे.

तरी अधिकार तुटपुंजे आहेत म्हणून हातावर हात ठेवून बसणे आम्हांस पटत नाही. १९२४ ते १९२८ या काळात वल्लभभाई पटेल अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते. त्या वेळी वरती परकी सरकार होते आणि नगरपालिकेचे अधिकार आजच्याहून कमी होते. त्यांनी झाडलोट, पाणी व गटार हीच कामे हलकी मानली नाहीत, आणि १९२७ साली गुजरातेत महापूर आला तेव्हा मदतीचे कार्य संघटित करण्यात ते पुढे होते. मोठ्या कार्यास खुर्ची लहान पडत नाही. मनुष्य लहान पडतो.

शेवटी प्रश्न आपल्या दारी येतो. महापालिका म्हणजे कोणी परकी संस्था नव्हे. आपण भरलेली पट्टी, दिलेले मत आणि केलेली विचारपूस यांचीच ती बनलेली आहे. विशेषतः आम्हां तरुणांस या विषयाची उपेक्षा परवडणारी नाही, कारण २०५० साली जे कोणी मुलाबाळांसह या नगरांत राहत असतील, त्यांत आमची गणना बहुधा होईल. म्हणून पुढच्या वेळी मत मागावयास कोणी दारी आला, तर वाचकांनी त्यास आकाशाविषयी काही विचारू नये. एवढेच विचारावे: तांबड्या इशाऱ्याच्या दुपारी आपल्या प्रभागातील बागेचे फाटक उघडे असते काय? पावसाचे पाणी जाण्याची जी वाट होती, तिच्यावर नवा परवाना कोणी दिला? आपला ओला कचरा शेवटी कोठे जातो? या तीन प्रश्नांची खरी उत्तरे ज्या नगरास देता येतील, त्या नगराने आपली मुले व वासरे सांभाळली आहेत आणि आपला खुलभर वाटा घेऊन ते वाटेस लागले आहे, असे खुशाल समजावे.